तोंडात पांढरं साचलंय : एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनी तोंडातल्या बुरशीचा इलाज कोणत्या क्रमाने करावा

"तोंड आलंय" हे आपल्याकडे एकच वाक्य दहा आजारांना पुरतं. उन्हाने आलं, जागरणाने आलं, गोळ्यांची गर्मी झाली. मग मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल, वरून लावायला एखादं जेल, आणि आठ दिवस वाट बघणं. एचआयव्ही असलेल्या माणसाला हे आठ दिवस महागात पडतात. त्याच्या तोंडात दिसणारं पांढरं पुष्कळदा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं असतं, आणि ती जीवनसत्त्वाने जात नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांनी तीन गोष्टी केलेल्या असतात. न बघताच औषध सुरू केलेलं असतं. दोन दिवसांत आग कमी झाली म्हणून ते अर्ध्यात सोडलेलं असतं. आणि एआरटी सेंटरला, म्हणजे जिथून एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या मिळतात तिथं, यातलं काहीच कळवलेलं नसतं. यातली तिसरी चूक सगळ्यांत मोठी. म्हणून पुढे सगळं क्रमाने लिहिलं आहे, आणि क्रम बदलू नका ही विनंती आहे.

२०२१ पासून "बुरशी" म्हटलं की लोकांना काळी बुरशी आठवते, जबडा काढावा लागलेले नातेवाईक आठवतात. तो म्युकरमायकोसिस, त्याची बुरशी वेगळी, चाल वेगळी, औषध वेगळं. इथं जिच्याबद्दल लिहितेय ती कॅन्डिडा निरोगी माणसाच्या तोंडातही थोडी असतेच. अंगातली ताकद, म्हणजे सीडी४ पेशी, कमी झाल्या की ती माजते. साधारणपणे सीडी४ २०० च्या खाली गेले की हा त्रास जास्त दिसतो.

## आधीची तयारी

तोंडात बोट घालण्याआधी या गोष्टी जवळ घ्या :

- मोबाईलचा टॉर्च आणि हातात धरायचा आरसा. बघायला दुसरं विश्वासाचं माणूस असेल तर उत्तम.
- स्वच्छ धुतलेलं पांढरं सुती कापड किंवा मेडिकलमधला गॉजचा तुकडा. कापूस नको, त्याचे धागे चिकटतात आणि मग काय पुसलं गेलं ते कळत नाही.
- एक स्टीलचा चमचा, जीभ दाबायला आणि गाल बाजूला करायला.
- एआरटी सेंटरचं ग्रीन बुक, म्हणजे तुमच्या नोंदींची वही. शेवटचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी) कधी झाला, किती आला, सीडी४ किती होते, ते त्यात लिहिलेलं असतं.
- घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत. साखरेच्या, बीपीच्या, क्षयरोगाच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या, ॲसिडिटीच्या, वैद्याच्या पुड्यासुद्धा. यादी करू नका, पिशवीच उचला. यादीत नेमकी तीच गोळी राहून जाते.

बाई असेल तर पाळी चुकली आहे का, हेही आताच आठवून ठेवा. औषध निवडताना ते लागतं.

## टप्पा १ : तोंड नीट बघा

सकाळी, ब्रश करण्याआधी, दारात उजेडाला बसा. कवळी असेल तर काढा. साध्या पाण्याने एक चूळ भरा. नुकताच चहा, दूध किंवा पान झालेलं असेल तर अर्धा तास थांबा. दुधाची साय जिभेवर बसते आणि बुरशीसारखीच दिसते.

आता याच क्रमाने बघा : ओठांचे कोपरे, मग खालचा-वरचा ओठ उलटवून, दोन्ही गालांच्या आत, हिरड्या, टाळू, जिभेची वरची बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, आणि शेवटी जीभ उचलून खाली. लोक फक्त जीभ बघतात आणि उठतात. टाळू राहतो. कवळीवाल्यांची बुरशी तर बरेचदा टाळूवरच, कवळीच्या बरोबर खाली, लाल चट्ट्यासारखी असते.

तपासा : मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहते. पुढे तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तुलना करायला हाच उपयोगी पडेल. फोटो दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये याची काळजी घ्या.

## टप्पा २ : पुसून बघा

कापड बोटाला गुंडाळा, पाण्यात भिजवून पिळा, आणि पांढऱ्या डागावरून एकदाच, हलक्या हाताने फिरवा. खरवडायचं नाही. चमच्याच्या कडेने, नखाने, जीभ साफ करायच्या पट्टीने तर मुळीच नाही.

पुसल्यावर पांढरं निघून आलं, खाली लालबुंद दिसलं, कधी रक्ताचा बारीक ठिपका आला, तर ती बहुतेक कॅन्डिडाच. कापडावर ते फाटलेल्या दुधाच्या गुठळीसारखं दिसतं.

पण पांढरं नसलं म्हणून बुरशी नाही असं समजू नका. तिचं दुसरं रूप नुसतं लाल असतं. टाळूवर लाल चट्टा, किंवा जिभेच्या मधोमध एक गुळगुळीत लाल पट्टा, जिथले बारीक दाणे गेलेले. तिखट लागलं की आग. हे रूप हमखास "उष्णता" म्हणून सोडून दिलं जातं. तिसरं, ओठांचे कोपरे फाटतात, तोंड उघडलं की चिरतात, पुन्हापुन्हा खपली धरतात. तिथं कधी कधी बुरशीसोबत जंतूही असतात, म्हणून नुसतं तूप-व्हॅसलीन लावून ते बरं होत नाही.

आणि पुसून निघत नाही असं पांढरं दिसलं तर? जिभेच्या कडेला उभ्या सुरकुत्यांसारखे पांढरे पट्टे असतील तर तो बरेचदा एका विषाणूचा परिणाम असतो, बुरशीचं औषध त्याला लागू पडत नाही. पण सीडी४ कमी झाल्याची खूण तोही देतो, म्हणून सेंटरला सांगायचंच. गालाच्या आत, जिथं तंबाखूची गोळी धरता किंवा जिथं मिश्री घासता, तिथं न निघणारा पांढरा किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर तो दोन आठवड्यांत गेला नाही की दातांच्या डॉक्टरकडे जा. तिथून तुकडा काढून तपासायची गरज पडू शकते, कारण तिथं कॅन्सरची शंका घ्यावी लागते. आपल्याकडे तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्री इतकी आहे की मी प्रत्येक न पुसल्या जाणाऱ्या डागाकडे आधी या नजरेनेच बघते.

टाळूवर किंवा हिरडीवर गाठ, खोल जखम, जांभळा उंचवटा, असं काही असेल तर घरी पुढचे टप्पे करत बसू नका, थेट दाखवा. बुरशीच्याच काही जाती खोल जखमा करतात, आणि त्यांचं निदान तपासणीशिवाय होत नाही.

सावध : मेडिकलमध्ये "तोंडातल्या छाल्याला मलम द्या" म्हटलं की बरेचदा स्टेरॉइड असलेलं मलम मिळतं. साध्या छाल्याला ते चालतं. बुरशीवर लावलं तर आग चार दिवस कमी होते आणि बुरशी फोफावते. ट्यूबवर ट्रायमसिनोलोन लिहिलेलं असेल तर बाजूला ठेवा.

## टप्पा ३ : गिळून बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. यावरच पुढचं सगळं ठरतं.

कोमट पाण्याचे दोन घोट घ्या. मग मऊ खिचडीचा किंवा दुधात कुस्करलेल्या भाकरीचा एक घास. घास कुठे दुखतो ते बोटाने दाखवा. फक्त तोंडात झोंबलं तर गोष्ट वेगळी. घास घशाखाली उतरल्यावर, छातीच्या हाडामागे दुखलं, घास अडकल्यासारखा वाटला, पाणी उतरतानाही जळत गेलं, तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता आहे. कधी कधी तोंड जवळपास स्वच्छ असतं आणि अन्ननलिका भरलेली असते. याला लावायचं औषध पुरत नाही, पोटात घ्यायचंच लागतं आणि जास्त दिवस.

एक प्रसंग सांगते, कारण हाच मला सारखा दिसतो. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावरून परतल्या होत्या, उन्हाचे दिवस. एक ताई पदर तोंडावर धरून आत आली. "मॅडम, भाकर गिळना झालीय. छातीत लई आग करायलंय." हातातल्या पिशवीत गुलाबी अँटासिडची अर्धी संपलेली बाटली. उसाच्या फडाजवळ कुणीतरी ॲसिडिटी म्हणून दिली होती, दोन महिने पीत होती. सोबतच्या माणसांना बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, "ताई, रोजची दुसरी कुठली गोळी आहे का?" तिने कनवटीची गाठ सोडून पांढरी प्लास्टिकची डबी काढली. डबीत चिंधी कोंबलेली होती. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दहा माणसं, डबी वाजली की शेजारी विचारणार, म्हणून. पहाटे तीनला फडात जायचं, कुणाच्या देखत डबी उघडायची नाही, त्यामुळे चिंधीखाली गोळ्या उरतच गेल्या होत्या.

तिच्या छातीतली आग ॲसिडिटीची नव्हती. आणि ते अँटासिड तिचं आणखी एक नुकसान करत होतं. टीएलडी या एआरटीच्या रोजच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर हे औषध अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडसोबत घेतलं तर अंगात नीट शोषलं जात नाही. म्हणजे ज्या दिवशी ती गोळी घ्यायची, त्या दिवशीही ती पुरती लागू पडत नव्हती.

सावध : यातलं काही असेल तर पुढचा टप्पा वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा : पाणीही गिळता येत नाही, लघवी कमी झाली, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ताप आणि सतत डोकेदुखी, मान अवघडणे, श्वास लागणे, लहान बाळ दूध ओढत नाही. डोकेदुखीबद्दल विशेष सांगते. सीडी४ कमी असताना क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणात जाते. तोंडासाठी देतात तेवढ्या औषधाने ती बरी होत नाही, निदान मात्र लांबतं.

## टप्पा ४ : कुणाला दाखवायचं, काय सांगायचं

पहिलं दार एआरटी सेंटरचं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची सरकारी मेडिकल कॉलेजं, आणि जिल्हा रुग्णालयं, इथं एआरटीची सोय आहे. तपासणी आणि एआरटीच्या गोळ्या मोफत. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

तारीख यायची वाट बघू नका. "पुढच्या महिन्यात गोळ्या घ्यायला जाणारच आहे, तेव्हा सांगते" हे मी इतक्यांदा ऐकलंय. तोंडात बुरशी दिसणं हे तारखेआधी जाण्याचं पक्कं कारण आहे.

गावातल्या डॉक्टरकडे किंवा दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं तर एचआयव्ही सांगायचा का? माझं मत, डॉक्टरला सांगा. न सांगता औषध घेतलं तर गोळ्यांची एकमेकींशी होणारी टक्कर त्याला कळणार नाही. मेडिकलच्या काउंटरवर, चार गिऱ्हाइकांसमोर, सांगायची काहीच गरज नाही. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती दुसऱ्याला देणं आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, या दोन्हींना २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने बंदी आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणी "आमच्याकडे होत नाही" म्हणून परत पाठवलं तर सेंटरच्या समुपदेशकाला सांगा. हे गप्प गिळू नका.

डॉक्टरसमोर एवढं बोलायचं, याच क्रमाने : कधीपासून आहे, पुसून निघतं की नाही, गिळताना कुठे दुखतं, एआरटीची शेवटची गोळी कधी घेतली, महिन्यात किती चुकल्या, मग पिशवी टेबलावर उलटी करा.

निदान बहुतेक वेळा बघूनच होतं. कल्चरचा, म्हणजे तोंडातला नमुना घेऊन बुरशी वाढवून बघण्याच्या तपासणीचा, आग्रह धरू नका. कॅन्डिडा सगळ्यांच्याच तोंडात थोडी असल्याने नुसतं कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून काही ठरत नाही. औषध देऊनही हटली नाही तर त्याचा उपयोग.

## टप्पा ५ : औषध घ्यायची रीत

दोन प्रकार आहेत. कुठला द्यायचा ते डॉक्टर ठरवेल. ते कसं घ्यायचं, ते मात्र तुमच्या हातात.

लावायचं औषध. थोडीच बुरशी, गिळायला त्रास नाही, किंवा गरोदरपणाचे पहिले तीन महिने, अशा वेळी हे देतात. आपल्याकडे सहज मिळतं ते १ टक्का क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट. रीत अशी :

१. आधी जेवण, मग औषध. उलटं केलं तर औषध भाकरीसोबत पोटात जातं.
२. पाण्याने चूळ भरा, कवळी काढा, मऊ ब्रशने जीभ हलकेच पुसा.
३. धुतलेल्या बोटाने औषध सगळ्या डागांवर, आणि टाळूवर डाग नसला तरी टाळूवर, लावा.
४. जिभेने फिरवत तोंडात जितका वेळ धरता येईल तितका धरा. लगेच थुंकू नका.
५. पुढचा अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. चहा नको, तंबाखू तर नाहीच.
६. दिवसातून तीन-चार वेळा, त्यातली शेवटची झोपताना. रात्री लाळ कमी असते, औषध टिकून राहतं.

पोटात घ्यायची गोळी. फ्लुकोनॅझोल. तोंडातल्या बुरशीला मोठ्या माणसाला साधारण रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, ७ ते १४ दिवस. अन्ननलिकेत असेल तर डोस वाढतो, २०० ते ४०० पर्यंत, आणि १४ ते २१ दिवस.

इथली ठरलेली चूक म्हणजे १५० ची एकच गोळी. मेडिकलमध्ये फ्लुकोनॅझोल मागितलं की १५० ची सुटी गोळी मिळते, "आठवड्याला एक घ्या" म्हणतात. ती रीत गजकर्णाची किंवा अंगावरून पांढरं जाण्याची. तोंडातल्या बुरशीला रोज घ्यावी लागते. आठवड्याला एक घेऊन बुरशी अर्धी दबते, पुन्हा येते, आणि असं वारंवार झालं की ती त्या औषधाला दाद देईनाशी होते.

गोळी सुरू करण्याआधी पिशवी पुन्हा बघा :

- साखरेची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लॅमाइड चालू असेल तर फ्लुकोनॅझोलने साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर आधी गूळ-साखर तोंडात टाका, मग डॉक्टरला सांगा. आणि साखर कधीच तपासली नसेल तर आता तपासा. वाढलेली साखरही तोंडात बुरशी वाढवते.
- क्षयरोगाचं रिफाम्पिसिन फ्लुकोनॅझोलचा जोर कमी करतं. त्याच रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचाही एक जादा डोस लागतो, सकाळ-संध्याकाळ. क्षयरोगाच्या गोळ्या दुसरीकडून चालू झाल्या असतील तर एआरटी सेंटरला ते माहीत आहे का, याची खात्री करा.
- रक्त पातळ करायचं वॉरफरिन, हृदयाच्या ठोक्यांचं औषध, जुनी नेव्हिरॅपिनची गोळी, नुकतीच झालेली कावीळ, हे सगळं आधीच सांगा.
- पाळी चुकली असेल तर आधी लघवीची तपासणी, मग फ्लुकोनॅझोल.

टीएलडीसोबत फ्लुकोनॅझोल चालतं. "दोन-दोन गरम गोळ्या नकोत" म्हणून एआरटीची गोळी या दिवसांत बंद करणारे खूप भेटतात. असं कधीही करू नका.

सावध : टाकणखाराची लाही मधात कालवून तोंडात लावायची जुनी सवय आहे, बाळांनासुद्धा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स; पोटात गेला की विषारी. बंद करा. तुरटी, कात, खायचा सोडा यांनी तोंड आकसतं किंवा बरं वाटतं, बुरशीचा इलाज होत नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून चुळा भरायला हरकत नाही, औषधाच्या वेळेपासून लांब ठेवून.

## टप्पा ६ : तिसरा, सातवा आणि शेवटचा दिवस

तिसरा दिवस. आग कमी व्हायला हवी, घास थोडा सोपा जायला हवा. इथंच बहुतेक जण औषध थांबवतात. थांबवू नका. दिसणं बंद झालं तरी बुरशी तिथं असते.

सातवा दिवस. पुन्हा दारात बसा, पुन्हा फोटो, पहिल्याशी ताडून बघा. काहीच फरक नसेल, किंवा गिळणं तसंच दुखत असेल, तर उरलेल्या गोळ्या संपायची वाट न बघता परत जा. अन्ननलिकेच्या दुखण्याला आठवडाभरात उतार नसेल तर दुर्बिणीची तपासणी लागू शकते. तिथं विषाणूचे अल्सरही असतात आणि त्यांना बुरशीचं औषध चालत नाही.

शेवटचा दिवस. लिहून दिलेले सगळे दिवस पूर्ण झाले की टूथब्रश बदला. कवळी रोज रात्री काढायची, ब्रशने घासायची आणि स्वच्छ पाण्यात ठेवायची, हे तर औषध संपल्यावरही. कवळी साफ केली नाही तर बुरशी तिथूनच परत येते; मी महिन्याभरात तीच माणसं पुन्हा बघते.

मधल्या दिवसांत खाण्याचं : ठेचा, लोणचं, येसराची तिखट आमटी बाजूला. ज्वारीची आंबील फार आंबू न देता, कण्या, मऊ भात-वरण, ताजं दही-ताक झोंबत नसेल तर जरूर. सगळं कोमट करून. वजन उतरलेलं असतं, म्हणून उपास धरू नका. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी चूळ भरून थुंका.

भांडी वेगळी करायची गरज नाही. एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. घरात कुणी तुमचा पेला वेगळा ठेवत असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

## टप्पा ७ : तोंड बरं झालं, आता एआरटी तपासा

इथं येऊन लोक समाधानाने उठतात. पण खरा प्रश्न इथून सुरू होतो : बुरशी का आली?

एआरटी सुरू करून काही आठवडेच झाले असतील तर घाबरू नका. सीडी४ वर यायला महिने लागतात. तोवर असं होऊ शकतं, गोळ्या चालूच ठेवायच्या. एआरटी सुरूच केलेली नसेल तर बुरशी बरी व्हायची वाट न बघता सुरू करण्याबद्दल सेंटरला विचारा.

पण वर्ष-दोन वर्षं, पाच वर्षं गोळ्या चालू आहेत आणि आता तोंडात बुरशी आली, तर सेंटरला जाऊन हे मागा :

१. व्हायरल लोड. गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, आणि पुढे दरवर्षी तो होतो. पण असा त्रास असेल तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. १००० कॉपीजच्या वर आला तर आधी गोळ्या नियमित घेण्यावर समुपदेशन आणि मग पुन्हा तपासणी होते. तिथं खरं बोला. किती गोळ्या चुकल्या ते लपवलं तर चांगलं चालणारं औषध बिनकामाचं ठरवून बदललं जाईल.
२. सीडी४. २०० च्या खाली आला तर क्षयरोगाची आणि रक्तातल्या क्रिप्टोकॉकसची तपासणी झाली का, ते विचारा. खोकला, ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, यातलं एक जरी असेल तरी आपणहून सांगा.
३. पिशवीची पुन्हा तपासणी. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड. यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यायची. लोह-कॅल्शियम मात्र जेवणासोबत घेतलं तर टीएलडीसोबत चालतं. अशक्तपणा म्हणून कुणी टॉनिक लिहून दिलं असेल तर त्यात लोह आहे का, ते बाटलीवर बघा.

पुन्हा येऊ नये म्हणून फ्लुकोनॅझोल रोज चालू ठेवायचं का, असं बरेच विचारतात. स्वतःच्या मनाने नाही. बुरशी औषधाला सरावते. सीडी४ वर आले की ती आपोआप ताब्यात राहते, आणि सीडी४ फक्त एआरटीने वर येतात.

## टप्पा ८ : टोळीसोबत निघण्याआधी

दसरा-दिवाळीनंतर गाव सोडणार असाल, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, तर मुकादमाची उचल घेतल्यावर आठवड्याभरात सेंटर गाठा. किती महिन्यांच्या गोळ्या देता येतील, आणि संपल्या तर तिकडच्या कुठल्या सेंटरवर मिळतील, हे तिथंच ठरवून ग्रीन बुकात लिहून घ्या. बुकाच्या पानांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कोपीत पाणी शिरतं, बुक भिजतं. निघण्याआधी दात आणि तोंड एकदा दाखवा.

गोळीची वेळ फडाच्या वेळेला बांधा. पहाटे तीनला उठता तर रात्री जेवणानंतरची वेळ धरा. गोळी रोज एकदाच आहे, रिकाम्या-भरल्या पोटाचं बंधन नाही. डबी वाजू नये म्हणून स्वच्छ कोरडा कापूस घाला, मात्र आतली ओल शोषणारी छोटी पुडी काढू नका, आणि गोळ्या कागदात बांधून ठेवू नका.

आठ-दहा दिवस गोळी चुकली असेल तर आठवेल त्याच दिवसापासून परत सुरू करा आणि सेंटरला फोन करा. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करायची नाही. महिने उलटले असतील तर जवळच्या एआरटी सेंटरला, मग तो कुठलाही जिल्हा असो, जाऊन दाखवा आणि तिथून सुरू करा. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतण्याची वाट बघू नका. तोवर तोंडात पांढरं दिसलंच, तर मुकादमाकडून गुलाबी बाटली घेण्याआधी दारात उजेडाला बसा, कापड भिजवा, आणि टप्पा १ पासून सुरू करा.